बेलार्मिनोची राखण

सभासद मेला तर त्याची जागा त्याच्या मुलाला किंवा मुलीला मिळते, हा आमच्या मच्छीमार सोसायटीचा पोटनियम सात. सभासदाला काढून टाकलं तर जागा सोसायटीकडे परत येते, हा पोटनियम आठ. सभासद अर्धा मेला तर काय करायचं, याबद्दल पोटनियमांत काही लिहिलेलं नाही. बेलार्मिनो अर्धा मेला.

ते लोको काढायचे दिवस होते. लोको म्हणजे खडकाला चिकटून बसणारा, पाठीवर शिंपलं वागवणारा मुठीएवढा जीव. राजधानीतले लोक तो मेयोनेज लावून खातात आणि आम्ही त्यांच्यासाठी बुडी मारतो. आमच्या पिएद्रा गाचा वस्तीसमोरचं पाणी, समुद्रात शिरलेल्या टोकापासून काळ्या सुळक्यापर्यंत, सरकारनं आमच्या सोसायटीला राखायला दिलंय. सभासद तीस, एकतिसावा घ्यायचा नाही. वर्षभर राखायचं, मोजणी करून घ्यायची, मोजणीवर जितकी परवानगी मिळेल तितके काढायचे. जिथं कुणी राखत नाही तिथं आता नुसते खडक आहेत, आणि तेही कुणी विकत घेत नाही म्हणून उरलेत.

बेलार्मिनो त्या दिवशी बारा वाव खाली होता आणि सकाळपासून बऱ्याचदा खाली होता. वर आला, बोटीच्या काठावर टेकला, सिगारेट मागितली. अर्धी ओढून झाल्यावर म्हणाला, "ओस्मान, माझे पाय जरा आत घे."

"तुझे तूच घे की."

"येत नाहीयेत."

ओस्मान त्याच्याच बोटीवरचा पाणबुड्या. त्याला वाटलं गडी मस्करी करतोय. त्यानं बेलार्मिनोचा रबरी बूट ओढून काढला आणि अंगठ्याला जळती सिगारेट टेकवली. बेलार्मिनो समुद्राकडे बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "काय जळतंय?"

दाबाचं दुखणं, म्हणजे खोलातून घाईनं वर आलं की अंग धरतं ते, लागलं की माणसाला परत खाली न्यायचं, ही आमच्याकडची रीत. पाण्यात धरलं ते पाण्यातच सुटतं. डॉक्टर म्हणतात असं करू नका; पण डॉक्टर तीनशे किलोमीटरवर आहेत आणि पाणी बोटीखाली. त्याच्या तोंडात हवेची नळी दिली, कमरेला शिशाचा पट्टा परत बांधला आणि ओस्मान त्याला घेऊन तळाला जाऊन बसला. बराच वेळ बसायचं होतं. नुसतं बसून काय करायचं म्हणून ओस्माननं हाताशी असलेले लोको उपटले. मग जरा लांबचे. मग जाळीची पिशवी भरली. बेलार्मिनो तळावर बसून हे सगळं बघत होता. त्याबद्दल पुढं तो एवढंच बोलला, की त्यातले निम्मे लहान होते, मापात बसणारे नव्हते.

शहरातल्या इस्पितळात त्याला लोखंडी टाकीत घालून पुन्हा पुन्हा दाब दिला. कमरेवरचा बेलार्मिनो बरा होऊन आला. कमरेखालचा नुसता सोबत आला.

त्याची बायको नोल्फा किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ गोळा करून वाळवायची. हुइरो म्हणतात त्याला. ओलं असताना बैलाच्या आतड्यासारखं जड. मुलगी यास्ना बापासारखीच पाणबुडी होती, पण सभासद नसल्यामुळं तिला राखीव पाण्यात उतरायची मनाई. ती बाहेरच्या पाण्यात उतरायची आणि थंडी घेऊन वर यायची. बेलार्मिनोची जागा तिला मिळावी, एवढं एकच त्या घरात ठरलेलं होतं. ते सोपं होतं. त्यासाठी त्यानं सभासद म्हणून मरायला हवं होतं.

"मेला असता तर पोरीचं नशीब उघडलं असतं," शेजारच्या एदुविनानं नोल्फाला सांगितलं. ती मन मोकळं करणारी बाई आहे. "देवानं निम्मंच काम केलं बघ."

"जोरात बोल," आतून बेलार्मिनो म्हणाला. "मला ऐकू येतं. कान वर आहेत."

सोसायटीचा अध्यक्ष क्रिसोलोगो भेटायला आला. यास्नाला बाप्तिस्म्याला यानंच हातावर धरलं होतं, म्हणून तो आणि बेलार्मिनो एकमेकांना कोम्पाद्रे म्हणायचे. त्यानं डब्यातली पीच आणली होती. ती त्यानंच उघडली आणि त्यानंच खाल्ली, कारण इतरांना भूक नव्हती.

"कोम्पाद्रे," तो म्हणाला, "मंगळवारी तुझी राखणीची पाळी आहे."

नोल्फानं हातातला पाव खाली ठेवला. "क्रिसोलोगो, डोळे आहेत ना तुला?"

"नियम मी केला नाही. म्हणजे केला मीच, पण सगळ्यांसाठी केला. पाळी सभासदानंच करायची. तीन चुकल्या की पोटनियम आठ."

"मी बसते त्याच्या जागी."

"तू सभासद कुठंयस?"

"यास्ना बसेल."

"तीही नाही. होईल. देव करो आणि लवकर होवो." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यानं पीचचा रस पिऊन टाकला.

बेलार्मिनो म्हणाला, "बसायचंच काम आहे ना? बसण्यात मी आता कुणाला हरणार नाही."

मंगळवारी नोल्फानं त्याला सिमेंट वाहायच्या एकचाकी गाडीत घातलं. खाली पोतं, पाठीला उशी, दोन्ही पाय पुढून बाहेर लोंबणारे. टोकाकडे जाणारी वाट चढाची आणि दगडांची. गाडी एका दगडाला अडली की तो पुढं घसरायचा. मग ती गाडी टेकवायची, काखेत हात घालून त्याला मागं ओढायची आणि परत दांडे उचलायची. रस्त्यात आम्ही जाळी विणत बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "नोल्फा, सिमेंटचा काय भाव?" सगळे हसले. बेलार्मिनोही हसला. तो हसला नसता तर आम्हाला वाईट वाटलं असतं.

टोकावर पत्र्याचं खोपटं आहे. आत एक खुर्ची, एक हातानं फिरवायचा भोंगा. परकी बोट राखीव पाण्यात शिरली की भोंगा फिरवायचा, मग सगळ्यांनी पळत यायचं, असं ठरलेलं. आमच्या किनाऱ्यावर पाऊस म्हणून पडत नाही. पाणी टँकरनं येतं. पण समुद्रावरून दाट धुकं येतं, कामांचाका, आणि ते आलं की स्वतःच्या हातातली सिगारेटही दुसऱ्या कुणाची तरी वाटते. खोपट्यात बसलेल्या माणसाचे कपडे त्यात भिजतात, मग वाळतात, मग परत भिजतात.

आता तो तिथं बसतोच आहे तर, असं म्हणून हळूहळू सगळ्यांनी आपल्या पाळ्या त्याला द्यायला सुरुवात केली. सभासदाच्या जागी सभासद चालतो. कुणी त्याबद्दल साखर द्यायचं, कुणी चहा, कुणी आशीर्वाद. ओस्माननं मैत्रीखातर आपली पाळी फुकट दिली, म्हणजे बेलार्मिनोनं फुकट करायची. शेवटी तीसही पाळ्या त्याच्याकडे आल्या. नोल्फा रोज सकाळी त्याला नेऊन ठेवायची आणि तिथून खाली हुइरो ओढायला जायची. तिचे तळहात दांड्यांनी फाटले, मग हुइरोच्या मिठानं त्या भेगा चरचरायच्या. तिला गाडी ढकलताना बघून लोक म्हणायचे, ही बाई म्हणजे घोडं आहे. ते कौतुकानं म्हणायचे. घोड्याला दाणा लागतो, एवढं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

बसून बसून बेलार्मिनोच्या ढुंगणाला जखम झाली. नोल्फा संध्याकाळी त्याला पालथा घालून कोमट पाण्यानं ती पुसायची. त्याला दुखायचं नाही, वास मात्र यायचा.

"केवढी झाली?" तो विचारायचा.

"लोकोएवढी."

"मापात बसते का?"

"गप पड."

पहिल्या दाट धुक्यात त्याला पाणबुड्यांच्या नळीत हवा सोडणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू आला. राखीव पाण्यात, अगदी जवळ. बेलार्मिनोनं भोंगा फिरवला. हात ताकदीचे होते. भोंगा गावभर गेला. पळत कुणी आलं नाही. थोड्या वेळानं धुक्यातून खालून आवाज आला, "अरे बेलार्मिनो, बंद कर ते. आम्हीच आहोत."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी ओस्मान. हा क्रिसोलोगो आहे. बाकी सगळे आहेतच."

"बंदी आहे ना आता?"

"म्हणून तर धुक्यात आलोय."

संध्याकाळी क्रिसोलोगो घरी आला आणि रागावून बसला. "कोम्पाद्रे, दचकून एनेसियो पाण्यात पडला. साठी उलटलेला माणूस. काही झालं असतं म्हणजे?"

"मी राखणदार आहे," बेलार्मिनो म्हणाला.

"आमच्यापासून राखायचंय का? चोरांपासून राखायचंय. आपलंच पाणी, आपलेच लोको. मोजणीच्या आधी घेतले काय, नंतर घेतले काय. पोरीच्या जागेसाठी उद्या तीस जणांचीच मतं लागणार आहेत तुला, समुद्राची नाहीत."

तेव्हापासून बेलार्मिनोनं भोंग्याला हात लावला नाही. धुकं आलं की बोटी यायच्या. आमचे लोक रीतीचे आहेत; खोपट्याखालून जाताना प्रत्येक जण नमस्कार करायचा. "काय बेलार्मिनो, बरा आहेस?" तो म्हणायचा, "कोण बोलतंय? मला दिसत नाही." हे त्याचं उत्तर गावात आवडलं. वर्षभरात तळ असा साफ झाला की ओस्मान म्हणाला, खाली गेलं की आवाज घुमतो.

मोजणी जवळ आली तसे आम्ही काळजीत पडलो. यावर एक जुना उपाय आहे. दक्षिणेकडच्या ला ग्रेदा वस्तीचंही असंच राखीव पाणी आहे. आमच्या मोजणीच्या आधी त्यांच्यातून लोको आणून आमच्यात सोडायचे. त्यांची मोजणी नंतर असते, तेव्हा ते येऊन घेऊन जातात. ह्याला कुणी चोरी म्हणत नाही, सरकारी भाषेत ह्याला काहीच म्हणत नाहीत. लोकोंना मात्र वर्षातून दोन प्रवास पडतात. काही इतके सरावलेत की उपटायची लोखंडी पट्टी लावायच्या आधीच खडक सोडतात.

आमची बोट धुक्यात निघाली. अर्ध्या वाटेवर समोरून एक बोट आली. ला ग्रेदाचा बाल्दो होता, रिकामे क्रेट घेऊन. दोन्ही बोटी थांबल्या.

"कुठं निघालास?" क्रिसोलोगोनं विचारलं.

"तुमच्याकडं. तुम्ही?"

"तुमच्याकडं."

बाल्दोनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आमच्यात काही नाही रे."

"आमच्यातही नाही."

"तुम्हीच काढले?"

"तुम्ही?"

"आम्हीच."

मग दोन्ही बोटी एकमेकींना धरून थोडा वेळ हलत राहिल्या, एकाच काडीवर सहा सिगारेटी पेटल्या, आणि सगळे आपापल्या घरी गेले.

मोजणीला एक तरुण बाई आली. ती स्वतः बुडी मारायची, तळावर लोखंडी चौकट टाकायची आणि चौकटीतले लोको मोजायची. लाट मोठी होती. दुसऱ्या बुडीत तिला तळावरच उलटी झाली. वर येऊन तिनं तोंड धुतलं आणि परत गेली. आम्हाला ती आवडली नाही. शेवटी ती ओल्या कपड्यांत किनाऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "गेल्या वर्षी शंभर होते तिथं आता दहा आहेत. मी दहाच लिहिणार."

क्रिसोलोगो म्हणाला, "पाणी गार आहे यंदा. समुद्रच बिघडलाय हो."

"गार पाण्यात लोको चालत घरी जात नाहीत."

तेवढ्यात नोल्फा बेलार्मिनोला गाडीतून खाली आणत होती. बाईनं विचारलं, "काका, राखण तुम्ही करता?"

"हो बाई."

"पाण्यात कुणी येतं का?"

किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले. बेलार्मिनोनं सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"धुकं येतं," तो म्हणाला.

थोड्या दिवसांत मासेमारी खात्याच्या कचेरीतला माणूस येऊन सांगून गेला. आतल्यांनीच लोको काढले असतील तर पाणी सोसायटीकडून काढून घेणार आणि सगळ्यांना खुलं करणार. बाहेरच्यांनी चोरले असतील तर राखणीत कसूर कुणाची ते दाखवा, त्याच्यावर कारवाई करा, मग पाणी राहील. तो चांगला माणूस होता. त्याला संध्याकाळच्या आत शहरात पोचायचं होतं.

क्रिसोलोगो पुन्हा बेलार्मिनोच्या घरी आला. या वेळी पीच आणली नव्हती. नोल्फानं चहा ठेवला. यास्ना दारात बसून आपल्या पाणबुडीच्या पोशाखाला रबराचं ठिगळ चिकटवत होती.

"सभेत म्हणायचं की मला झोप लागायची," क्रिसोलोगो म्हणाला. "बस. एवढंच."

नोल्फा म्हणाली, "आणि मग पोटनियम आठ."

"ऐक तरी. त्याला काढलं की जागा सोसायटीकडं येते. सोसायटी म्हणजे कोण? आपणच. त्याच सभेत नवा सभासद निवडायचा, यास्नाला. मी नाव मांडतो. कोम्पाद्रे, तू मरायची वाट बघण्यापेक्षा हे लवकर होईल. तब्येत तुझी वरून चांगली आहे, तू वीस वर्षं काढशील, आणि पोरगी तोवर म्हातारी होईल."

"मी जे पाहिलं ते सांगितलं तर?" बेलार्मिनोनं विचारलं.

"तर पाणीच जाईल. मग तुझी जागा ठेवून घे. खुर्ची आहे, जेवण नाही."

यास्नानं मान वर न करता विचारलं, "पाद्रिनो, मतं किती आहेत माझ्या बाजूनं?" ती त्याला पाद्रिनो म्हणायची, धर्मबाप म्हणून.

"सगळी. मी बोललोय एकेकाशी."

"हायरो काय म्हणतो?" हायरो हा क्रिसोलोगोचा पुतण्या, पाण्याला भितो, पण त्याच्याकडे गाडी आहे.

"हायरोचा काय संबंध? सान पेद्रोची शपथ, पोरी. तुला ह्या हातांवर धरलंय मी."

बेलार्मिनो आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता. कुणाचे तरी ठेवायला आणलेले असावेत असे ते गुडघे. "तुला काय वाटतं?" त्यानं नोल्फाला विचारलं.

"मला वाटतं हा खोटं बोलतोय," नोल्फा म्हणाली, क्रिसोलोगोच्या कपात साखर घालत. "पण खरं बोलून काय मिळतंय ते मला दिसत नाही."

आमसभा जाळ्यांच्या गोदामात भरली. दुपारची वेळ, वर पत्रा, आत माशांचा वास. तीसही सभासद हजर होते. असं या आधी फक्त मोफत जेवणाला झालं होतं. कचेरीतला माणूस पुढं बसला. बेलार्मिनोची खुर्ची मधोमध ठेवली. नोल्फा आणि यास्ना बाहेर, कारण सभासद नसलेल्यांना आत येता येत नाही. पण गोदामाला एका बाजूनं नुसती जाळी आहे, त्यामुळं त्या दोघी जाळीला नाक लावून उभ्या होत्या.

"मला झोप लागायची," बेलार्मिनो म्हणाला.

"रोज?" कचेरीतल्या माणसानं विचारलं.

"रोज."

"कुणी कधीच दिसलं नाही?"

"डोळे मिटलेले असायचे."

"आवाज?"

"माझ्याच घोरण्याचा."

हे ऐकून मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ओस्मान उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला की माणूस म्हणून बेलार्मिनोबद्दल त्याला फार आदर आहे, पण एका माणसाच्या झोपेपायी तीस घरांनी उपाशी राहायचं का. बोलता बोलता त्यानं बाहीनं डोळे पुसले. ते खरंच ओले होते. मी शेजारीच होतो.

काढून टाकायला दोन तृतीयांश हात लागतात, म्हणजे वीस. क्रिसोलोगोनं मत पुकारलं. एकोणीस हात वर झाले. माझा त्यात होता. बाकीचे दहा जण आपापल्या चपलांकडे बघत होते. ते बेलार्मिनोच्या बाजूचे नव्हते, फक्त त्यांना ते बघवत नव्हतं.

"एकोणीस," क्रिसोलोगो म्हणाला. परत मोजले. "एकोणीसच."

कचेरीतल्या माणसानं घड्याळ बघितलं. "ठराव झाला नाही तर मला तसं कळवावं लागेल."

क्रिसोलोगो चालत खुर्चीपाशी आला, वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, पण पत्र्याखाली हळू काही राहत नाही. "कोम्पाद्रे. तूही सभासद आहेस अजून. तुलाही हात आहे."

बेलार्मिनोनं जाळीकडे बघितलं. नोल्फा मान हलवत होती, नको म्हणून. यास्नानं काहीच केलं नाही. तिची बोटं जाळीत अडकवलेली होती. बेलार्मिनोनं हात वर केला. बुडी मारणाऱ्याचा हात, मनगटाला पट्टीचे जुने वण. बराच वर केला, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

"वीस," क्रिसोलोगो म्हणाला. "ठराव मंजूर."

त्याबरोबर बेलार्मिनो सभासद राहिला नाही, आणि सभासद नसलेल्याला सभेत बसता येत नाही. दोघांनी खुर्चीसकट त्याला उचलून बाहेर नेलं. दारातून खुर्ची सरळ जाईना म्हणून तिरकी केली. तो पडला, परत बसवला. कचेरीतला माणूस समाधानानं निघून गेला. मग पुढचा विषय घेतला, रिक्त जागा.

क्रिसोलोगोनं यास्नाचं नाव मांडलं. दिलेला शब्द त्यानं पाळला. मग एनेसियोनं हायरोचं नाव मांडलं. चिठ्ठ्या टाकल्या. एकोणतीस चिठ्ठ्या. हायरोला पंधरा, यास्नाला चौदा.

कुणीतरी पोटनियम अकरा वाचून दाखवला, नुसता माहितीसाठी: मतं समान पडली तर जागेवरच्या आधीच्या सभासदाच्या घरातल्याला अग्रक्रम. म्हणजे बेलार्मिनोचं एक मत असतं तर पोरगी निवडून आली असती. पण त्याचं मत असतं तर जागाच रिकामी नसती. पोटनियम फार विचार करून केलेले आहेत.

क्रिसोलोगो बाहेर येऊन यास्नाला म्हणाला, "पोरी, मी तुलाच टाकलं होतं." ओस्मानही म्हणाला, मी तुलाच. मीही तेच म्हणालो. संध्याकाळपर्यंत तिच्या दारात तेवीस जण येऊन हेच सांगून गेले. प्रत्येकाला ती "बरं" म्हणत होती. एदुविनानं तिला विचारलं, चौदा चिठ्ठ्यांत तेवीस माणसं कशी बसली. यास्ना म्हणाली, दाटीवाटीनं.

आता राखणीचा प्रश्न आला. पाळ्या परत आपापल्या अंगावर घ्यायला कुणी तयार होईना. वर्षभरात सवय गेली होती. हायरोला टोकावरचं वारं सोसत नव्हतं. तेव्हा क्रिसोलोगो नोल्फाकडे गेला आणि म्हणाला, कोम्पाद्रेला आता तिथली माहिती आहे. सभासद म्हणून नाही, नोकर म्हणून बसू दे. आठवड्याला पीठ, तेल, थोडे पेसो.

"आणि झोप लागली तर?" नोल्फानं विचारलं.

"आता कशाला लागेल? आता पगार आहे."

नोल्फानं हो म्हटलं. घरात पीठ नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी ला ग्रेदाचा बाल्दो ट्रक घेऊन दाराशी आला. "तुमच्याकडं एक पाणबुडी जास्तीची आहे म्हणे," तो म्हणाला. त्यांच्याकडेही राखीव पाण्यात काही नव्हतं. तो तिला आणखी दक्षिणेला नेणार होता, खोल पाण्यावर, जिथं राखण नाही, नियम नाही, आणि वीस वाव खाली गेल्याशिवाय काही सापडत नाही. यास्नानं ठिगळ लावलेला पोशाख आणि शिशाचा पट्टा ट्रकमध्ये टाकला. बेलार्मिनो गाडीत बसून निघायच्या तयारीत होता.

"बाल्दो, तुझा कॉम्प्रेसर मी बघितलाय," तो म्हणाला. "धूर सोडतो तिथूनच हवा ओढतो तो. वारा बघून ठेवत जा."

"बघतो की."

"बघत नाहीस. तुझा मेहुणा त्यानंच गेला." मग यास्नाला म्हणाला, "तोंडात धुराची चव आली की वर. पण हळू. घाईनं वर यायचं नाही."

"आणि हळू आले तर धूर," यास्ना म्हणाली.

याला उत्तर असायला हवं होतं. तीस वर्षं बेलार्मिनोनं ह्याच कामात घालवली होती. "कमी खोल जा," तो म्हणाला.

"कमी खोल काही नाही, बाबा."

ती ट्रकमध्ये चढली. नोल्फानं दांडे उचलले, कारण धुकं खाली यायला लागलं होतं आणि उशीर झाला की पीठ कापतात.

रविवारी हायरोनं नवा सभासद म्हणून सगळ्यांना जेवण दिलं. जेवण लोकोचंच होतं. बंदी होती, त्यामुळं लोको कुठून आले हे विचारणं बरं दिसलं नसतं. लोको काढला की लाकडानं बडवावा लागतो, नाहीतर तो टायरसारखा राहतो. कमी बडवला तर दात पडतात, जास्त बडवला तर चिंध्या होतात. हे काम नोल्फाच्या हाताइतकं कुणालाच जमत नाही, म्हणून तिला बोलावलं. ती टोकावर बेलार्मिनोला ठेवून आली, बाह्या वर केल्या आणि गोदामामागं दगडावर बडवायला बसली. सकाळभर तो आवाज येत होता, एकसारखा, मध्ये न थांबता. आम्ही पलीकडे बसून वाइन पीत होतो. कुणीतरी म्हणालं, काय ताकद आहे बाईच्या हातात.

लोको लोण्यासारखे झाले होते. सगळ्यांनीच तसं म्हटलं, आणि मेयोनेज कमी पडलं. एक ताट झाकून टोकावर बेलार्मिनोला पाठवलं. ताट पुसून घेतल्यासारखं रिकामं परत आलं. त्याचे पाय गेले होते, पोट होतं.